'नाही' म्हणायची जागा

"गोसावीबाई, पंखा बंद करा," सर म्हणाले, "नाहीतर सगळं संशोधन खिडकीतून उडून जाईल."

मी उठून पंखा बंद केला. मे महिन्यातली दुपार होती. विभागाच्या मागच्या खोलीत आम्ही दोघं फरशीवर मांडी घालून बसलो होतो आणि आमच्याभोवती कागदाच्या पट्ट्या पसरल्या होत्या. मुलाखत टेपवर घ्यायची, टेपवरून शब्द न् शब्द कागदावर उतरवायचा, मग तो कागद कात्रीनं कापून एकेका बोलण्याची एकेक पट्टी करायची. एका अर्थाच्या पट्ट्या एका ढिगात. ढिगाकडे बघत बसायचं, आणि त्याला नाव सुचलं की ते झालं सूत्र. आता हे संगणकावर होतं म्हणतात. त्या काळी गुडघे धरायचे.

विषय होता मूत्रपिंड देणाऱ्या बायकांचा. आमच्या कृष्णाकाठच्या शहरात देवळांपेक्षा दवाखाने जास्त, आणि त्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात तेव्हा मूत्रपिंडाची रोपणं होऊ लागली होती. आजारी माणूस बहुतेक वेळा पुरुष आणि देणारी बहुतेक वेळा बाई. कुणाची बायको, कुणाची आई, कुणाची बहीण. त्या का देतात, देताना त्यांच्या मनात काय असतं, हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पीएच.डी. करायचे. मार्गदर्शक डॉ. आंबर्डेकर. मूळचे कोकणातले, पक्के नास्तिक, आणि बोलणं असं की फणसाच्या काट्यांवरून हात फिरवल्यासारखं. माणसांची नावं मी इथं बदलली आहेत. ती सवय त्या कामाचीच.

"तुमच्या कीर्तनात आणि आपल्या शास्त्रात फरक काय, सांगू?" सर एक पट्टी उचलत म्हणाले. माझ्या कपाळावरचा बुक्का दिसला की त्यांना अशी हुक्की यायची. "तुमचे बुवा आधी अभंग घेतात, त्याचं निरूपण करतात, आणि मग त्याला जुळेल असं आख्यान लावतात. आधी सूत्र, मागून गोष्ट. आपल्याकडे उलट. आधी सगळ्यांच्या गोष्टी ऐकायच्या, त्यातून सूत्र आपोआप वर येतं."

"आपोआप कसं येईल, सर? फरशीवर बसून ढीग तर आपण करतोय. बुवा निदान सांगतात तरी, की आज सेवेला हा अभंग मी निवडलाय."

सर हसले. त्यांना उलट बोललेलं आवडायचं. मग त्यांनी मधल्या, सगळ्यांत मोठ्या ढिगावर हात ठेवला.

"हा बघा. 'स्वेच्छेचा त्याग'. तुमचा प्रबंध इथं उभा राहिला. चहात साखर घालत गेलात की एक वेळ अशी येते, साखर विरघळत नाही, तळाशी बसते. तसं झालंय. नव्या बाईकडून नवं काही निघत नाही. आता मुलाखती थांबवा आणि लिहायला बसा."

मी त्या ढिगातल्या काही पट्ट्या काढून त्यांच्यापुढे ओळीनं मांडल्या. "ही जतकडची, विणकराची बायको. ही मिरजेच्या बागवान गल्लीतली, बाकीची सगळी मुलाखत तिनं दखनीत दिली. ही सीमेवरची, दर वाक्यात दोन शब्द कानडी. वाचा ना."

सरांनी वाचलं. तिन्ही पट्ट्यांवर तेच होतं. 'मी हे माझ्या स्वेच्छेने देत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव किंवा प्रलोभन नाही. प्रेम आणि आपुलकीपोटी देत आहे.'

"म्हणूनच म्हणतो, साखर बसली."

"सर, प्रलोभन हा शब्द मी मराठीची एम.ए. असून आयुष्यात कधी तोंडानं उच्चारलेला नाही."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुमचं म्हणणं, त्या खोटं बोलल्या?"

"खोटं नाही म्हणत. पाठ म्हणतात, असं म्हणते."

"हरकत नाही. परवा तुम्ही त्या दत्ताच्या देवळात गेला होतात. पाच-सहाशे माणसं असतील. बुवांनी अभंग घेतला, सगळ्यांनी तोच म्हटला. पाठ होता म्हणून म्हटला. ती सगळी खोटं म्हणत होती?"

कीर्तनात मागे उभे राहणारे टाळकरी बुवांच्या तोंडचं चरण उचलतात, पुन्हा पुन्हा घोळवतात, आणि घोळवता घोळवता त्यांच्या डोळ्यांना पाणी येतं, हे मी लहानपणापासून बघत आले होते. दुसऱ्याचे शब्द आपल्या तोंडात येऊन आपले होतात, यावर माझी श्रद्धा होती. अजूनही आहे. सरांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं होतं.

"एक मुलाखत राहिलीय," मी म्हणाले. "तिला वेळ दिलीय."

"मग जा. दिलेला शब्द मोडू नये. जा, ऐका आणि या."

*

रुग्णालयाच्या मागच्या बाजूला लांब व्हरांडा होता. रोग्यांचे नातेवाईक तिथंच जेवत, झोपत, केस विंचरत. मी पोचले तेव्हा व्हरांड्याच्या टोकाला थोरवतबाई बाकावर बसल्या होत्या. रोपणं डॉक्टर मगदुम करायचे; घरच्यांना समजावणं, कागद पुरे करणं, रोपणाला परवानगी देणाऱ्या समितीपुढे उभं करणं हे सगळं थोरवतबाईंकडे. त्यांच्यासमोर खाली एक बाई बसली होती. हिरवं लुगडं, हातभर बांगड्या, पस्तिशीची असेल पण उन्हानं चाळिशी ओलांडलेली.

"पुन्हा म्हणा," थोरवतबाई म्हणाल्या. "माझ्यावर कोणाचाही..."

"माज्यावर कुणाचा बी..."

"बी नको. कोणाचाही."

"कोणाचाही दबाव किंवा पर... ते म्होरलं जिभंवरच येत न्हाई, बाई."

"प्र-लो-भन. म्हणजे कुणी पैशाची लालूच दाखवलेली नाही. येईल. हळू म्हणा."

बाईनं म्हटलं. पुन्हा म्हटलं. थोरवतबाई मान डोलवत होत्या, चुकलं की थांबवत होत्या. मला बघून त्या उठल्या आणि माझ्या चेहऱ्यावरचं त्यांनी वाचलं असावं.

"असं बघू नका, गोसावीबाई," त्या बाजूला घेऊन म्हणाल्या. "समितीत डॉक्टर, वकील, मोठी माणसं, वर कॅमेरा. बाया घाबरतात. 'मर्जी आहे का' विचारलं की पदर चावत गप्प बसतात. मग फाईल अडकते आणि तिकडे माणूस जातो. गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एक गेला, बावीस वर्षांचा. तेव्हापासून मी पाठ करून घेते. नाही म्हणणारीला मी कधी हो म्हणायला लावलेलं नाही, देवाशपथ."

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं, असं मला तेव्हाही वाटलं.

बाईचं नाव भागीरथी. सगळे भागाक्का म्हणायचे. तिचा धाकटा भाऊ बिरुदेव वरच्या मजल्यावर होता, आठवड्यातून दोनदा त्याचं रक्त यंत्रावर घालून धुवावं लागायचं. आई-बाप नव्हते. बायकोचा रक्तगट जुळला नव्हता. बहिणीचा जुळला होता.

मी तिला वजनकाट्याच्या खोलीत नेलं, दार लावलं, टेपरेकॉर्डर स्टुलावर ठेवला. सगळ्यांना सांगायचे तेच तिला सांगितलं: तुमचं नाव कुठं येणार नाही, तुम्ही बोलाल ते डॉक्टरांना कळणार नाही, घरच्यांना कळणार नाही.

"थोरवतबाईस्नी?"

"त्यांनाही नाही."

"लिहून देणार?"

"दिलंय. हा बघा कागद. वाचून दाखवू?"

"नगं." तिनं माझ्या कपाळाकडे बघितलं. "माळकरी हाय तुमी?"

"माळ नाही घातलेली. कीर्तनाला जाते."

"आमच्याकडं बी हुतंय की सप्त्यात. मी समद्यात म्होरं बसते." तिचा आवाज जरा मोकळा झाला. मी बटण दाबलं आणि विचारलं, भावाला किडनी द्यायचं कसं ठरलं? तिनं पाठ ताठ केली, हात मांडीवर ठेवले आणि तीन वाक्यं म्हणून दाखवली. 'प्रलोभन' अगदी बरोबर आलं. म्हणून झाल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं, शाळेतल्या पोरी बघतात तसं.

"छान म्हटलंत," मी म्हणाले. "आता हे राहू दे. ठरलं कसं, ते सांगा."

"ठरलं कुटं? रगात जुळलं."

"मग?"

"मग काय? जुळलं म्हणल्यावर झालंच की. बिरू मला कवा बोलला न्हाई, आक्का दे म्हणून. त्येची बायकू बी न्हाई. ताटावर बसल्यावर भाकरी मागावी लागती का, बाई? ती असतीच ताटात."

टेपची चकती फिरत होती. ती बांगड्या मागे सारत राहिली.

"नवऱ्यानं दुसरी केली तवापास्नं मी भावाच्यात हाय. माझी सुंदरा तितंच वाढली. त्येनं कवा आमच्या खाण्यावर डोळा ठिवला न्हाई. लई गुणाचा हाय. आता हितं आल्यापास्नं समदी मला इचारत्यात, मर्जी हाय न्हवं? मर्जी हाय न्हवं? आवो, त्या इचारण्यात न्हाई म्हणायची जागाच न्हाई. तुमी सांगा, न्हाई म्हणलं तर म्या सांच्याला कुटल्या घरात जायाचं?"

विचारणाऱ्यानं अशा वेळी गप्प बसावं, असं आम्हाला शिकवलेलं होतं.

"कीर्तनात त्यो राजा असतोय न्हवं," ती म्हणाली, "पाखराच्या जिवासाठी आपल्या मांडीचं मांस कापून देतोय, तागडीत घालतोय. बुवा सांगाय लागलं की माझ्या डोळ्याला धार लागायची. आता हितं रोज रातच्याला त्योच आठवतोय. पर एक हाय बघा. त्येला घर हुतं. मांस दिलं तरी घर त्येचंच, न्हाई दिलं तरी बी त्येचंच."

मग तिनं दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"मला द्यायची न्हाई, बाई. मला भ्या वाटतंय. कापल्यावर मी उठलेच न्हाई तर माझ्या सुंदरीला कोण हाय? मला न्हाई द्यायची."

बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं. ते लांब जाईपर्यंत ती थांबली. मग पदरानं तोंड पुसून उठली.

"तुमी कुणाला सांगत न्हाई म्हणलासा, म्हणून म्हणले. एकदा तोंडातनं भायेर काढायचं हुतं. आता देती. पुढच्या बुधवारी समितीम्होरं हुबं ऱ्हायाचं हाय."

*

सरांनी टेप दोनदा ऐकली. दुसऱ्यांदा ऐकताना ते खिडकीशी माझ्याकडे पाठ करून उभे होते. मग येऊन फरशीवर बसले आणि मधल्या मोठ्या ढिगातल्या पट्ट्या एकेक करून बाजूला काढू लागले.

"मोडला," ते म्हणाले. "हे सूत्रच नव्हतं, हा धडा होता. आपण धडा गोळा करत होतो आणि म्हणत होतो साखर बसली. या एका बाईवर तुमचं नवं प्रकरण उभं राहतं, गोसावीबाई. 'न विचारलेला होकार.' एकच मुलाखत असली म्हणून बिघडत नाही. आपण डोकी मोजत नाही इथं."

"सर, बुधवारी समिती आहे."

"माहीत आहे."

"मी डॉक्टर मगदुमांना सांगणार आहे."

त्यांचा हात थांबला. "तुम्ही तिला लिहून दिलंय."

"दिलंय."

"ती बोलली ती त्या कागदामुळे बोलली. तो कागद फाडलात, की पुढची बाई तुमच्याशी बोलणार नाही. माझ्याशी नाही, कुणाशीच नाही. एवढी एकच खोली होती जिथं तिला तसं बोलता आलं. तीही बंद करता?"

"मग तिला कापू द्यायचं?"

"ती काय म्हणाली शेवटी? 'आता देती.' तेही टेपवर आहे. ते तुमच्या कानात का नाही शिरलं? समितीपुढचं हो खोटं आणि तुमच्यापुढचं नाही खरं, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? माणूस म्हणजे कांदा नव्हे, की सालं काढत गेलं आणि आत खरा गाभा सापडला. ती थोरवतबाईंपुढे एक बाई आहे, भावापुढे दुसरी, तुमच्यापुढे तिसरी. तिन्ही खऱ्या. तुम्हाला तुमच्या पुढ्यातली आवडली, इतकंच."

ते बोलत होते ते मला पटतही होतं. मी वाचलेल्या सगळ्या पुस्तकांचा तोच अर्थ होता. अर्थ जमिनीत पुरलेला नसतो. दोन माणसं बोलायला बसतात तिथं तो घडतो. मीच वर्गात हे शिकवत असे.

"तीन बाया आहेत हे खरं, सर," मी म्हणाले. "टेबलावर मात्र एकच झोपणार आहे."

हातातली पट्टी त्यांनी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"गुपित तिचं आहे," शेवटी ते म्हणाले. "तुमचं नाही, माझंही नाही. तिलाच विचारा. ती हो म्हणाली तरच. आणि विचारताना असं विचारा, की नाही म्हणता येईल."

*

भागाक्का व्हरांड्याच्या पायऱ्यांखालच्या नळावर भावाचे कपडे धूत होती. मी शेजारी उकिडवी बसले. रुग्णालयात वावरताना कळलं होतं ते तिला सांगितलं, की डॉक्टरांपर्यंत एवढीच गोष्ट पोचवता येते, की ही बाई चालणार नाही. पुढं ते तपासणीतलं काहीतरी कारण सांगतात. का ते कुणाला सांगत नाहीत. भाऊ, भावजय, थोरवतबाई, कुणालाच कळत नाही.

ती लुंगी पिळत होती. पिळून झाली तरी पिळतच राहिली.

"आसं बी असतंय?"

"असतं."

"मग आदी का न्हाई सांगितलं कुणी?"

उत्तराची वाट न बघता तिनं पुढचं विचारलं.

"आणि बिरूचं?"

"रक्त धुणं चालू राहील. दुसरं कुणी मिळतंय का, बघतील."

"मिळंल?"

मी हो म्हणू शकले असते. एका शब्दाचं काम होतं आणि ती त्या शब्दाची वाट बघत होती. पण सरांचं बोलणं कानात होतं: नाही म्हणता येईल असं विचारा. तसं विचारायचं तर हेही खरंच सांगायला हवं होतं.

"माहीत नाही, अक्का. बहुतेक नाही."

नळ ठिबकत होता. तिनं तो घट्ट केला, तरी ठिबकत राहिला. वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांकडे तिनं एकदा बघितलं. मग लुंगी झटकून दोरीवर टाकली, आणि माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "सांगा."

डॉक्टर मगदुमांनी मला बसायलाही सांगितलं नाही. मी अर्धं वाक्य बोलले तोच त्यांनी हात वर केला.

"पुढं बोलू नका. मला जेवढं कमी कळेल तेवढं बरं. लघवीतून प्रथिनं जातात म्हणून सांगतो. तिला स्वतःलाच पुढं त्रास होईल, तिची घेता येणार नाही." त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि पेनाचं टोपण लावलं. "तुम्हाला काय वाटलं, हे पहिल्यांदा होतंय?"

*

बातमी घरच्यांना कळली त्या संध्याकाळी मी मुद्दाम वरच्या मजल्यावर गेले. माझं तिथं काही काम नव्हतं. बिरुदेव खाटेवर बसला होता. सुजलेला चेहरा, हाताच्या शिरेला फडक्याची गाठ. भागाक्का पायथ्याशी उभी होती, खाली मान घालून.

"आक्का, तू हितं हुबी ऱ्हाऊ नगं," तो म्हणत होता. "खाली बस. डाक्तर म्हणलं, तुला बी जपाय पायजे. काय गं," तो बायकोला म्हणाला, "आजपास्नं आक्काच्या कोरड्याशात मीठ घालू नगं. सातूचं पाणी दे तिला करून. माझं झालं ते झालं. तिचं तरी आदीच ध्येनात आलं, बिरोबाची किरपा."

"व्हय," बायको म्हणाली, आणि खरंच उठून तिनं नणंदेसाठी पाण्याचं भांडं भरलं.

भागाक्कानं ते भांडं दोन्ही हातांनी धरलं आणि सगळं पाणी प्यायली. मधे एकदाही थांबली नाही. मी दारातूनच परत फिरले.

बिरुदेव श्रावणात गेला. यंत्रावर असतानाच ताप भरला, रक्तात विष पसरलं. दुसरं कुणी मिळालं नव्हतं. शोधायला तसं कुणी उरलंच नव्हतं.

मी त्या महिन्यात कीर्तनाला गेले नाही. पुढच्या महिन्यात गेले, मागे खांबाला टेकून बसले. बुवांनी सांगितलं ते सगळं ऐकलं. नास्तिक सरांनी एकदाच विचारलं, "जाताय ना अजून देवळात?" मी जाते म्हटल्यावर ते म्हणाले, "जात जा." दोघांनाही त्या विषयावर याहून जास्त बोलायचं नव्हतं. मी प्रकरण लिहीत होते. 'न विचारलेला होकार'. सर म्हणायचे, विभागात इतकं चांगलं काही बऱ्याच वर्षांत लिहिलं गेलेलं नाही. ते सगळं त्या एका टेपवर उभं होतं. तिच्या तोंडची वाक्यं मी तशीच ठेवली होती, नाव बदलून, गाव बदलून.

*

पावसाळा सरता सरता एके दिवशी शिपायानं येऊन सांगितलं, एक बाई आलीय, भाग्य का काय नाव सांगते.

ती खुर्चीवर बसली नाही. भिंतीला टेकून खाली बसली. लुगडं तेच, पण अंगावर आता मोठं झालेलं. मीही खाली बसले. चहा मागवला. तिनं घेतला नाही. मिठाचं, साखरेचं, सगळंच जपून खाते म्हणाली.

"अक्का, तुम्हाला काही झालेलं नाही," मी हळूच म्हणाले. "ते डॉक्टरांनी नुसतं..."

"घरात समदी जपत्यात मला," ती म्हणाली. जणू मी बोललेच नव्हते. "वैनी सवाष्ण हुती तवा बोलायची कवा कवा. आता येक शबुद न्हाई. राती माझ्याच कुशीला झोपती. म्हणती, आक्का, तुमची चालली असती तर तुमी दिली असती. मला ठावं हाय."

ती थांबली. मग तिनं आवाज खाली आणला.

"त्ये टेपात हाय अजून?"

"आहे."

"कुणी ऐकलं?"

"मी. आणि माझ्या सरांनी. दुसऱ्या कुणी नाही." मग मला तिला सांगणं भाग होतं. "नको असेल तर पुसते, अक्का. तुमचं बोलणं आहे. परत घ्यायचा हक्क तुमचाच."

"पुसल्यावर काय ऱ्हातंय तितं?"

"काही नाही. नुसती खरखर."

"खरखर नगं." तिनं पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला. "लावा. मी बोलते त्येच्यावर."

मी कपाट उघडून कॅसेट काढली. टेबलावर प्रकरणाचे टाईप केलेले कागद होते. ते मी उलटे करून ठेवले, का ते मला माहीत नाही, तिला वाचता येत नव्हतं. सर दारापर्यंत आले होते. त्यांनी तिला ओळखलं, माझ्या हातातली कॅसेट बघितली, सगळं त्यांच्या लक्षात आलं. मला वाटलं, काहीतरी बोलतील. ते आत आले, रस्त्याचा आवाज टेपवर येऊ नये म्हणून खिडकी लावून घेतली, आणि दार ओढून निघून गेले.

मी टेप सुरुवातीला नेली आणि आवाज भरायची दोन्ही बटणं एकदम दाबली.

"मी भागीरथी," ती म्हणाली. "बिरुदेव लवट्याची थोरली भन. आई मेली तवा त्यो रांगत हुता. मी त्येला कडंवर घिऊन मेंढरामागं हिंडले. माझं लगीन झालं तवा त्यो वराती म्हागं पळत आला, समद्यांनी हाकलला तरी येशीपतोर आला. त्यो दुखण्यात पडला. मला डाक्तरानं इचारलं, देशील का? मी म्हणलं, काढा. आत्ता काढा." ती टेपरेकॉर्डरकडे जरा सरकली. "पर माझ्यातच खोट निघाली. माझं अंगच नासकं निघालं. न्हायतर दिली असती. दिलीच असती मी."

ती गप्प झाली. मी बटण बंद करणार, तर तिनं हातानं थांबवलं. चकती तशीच फिरत राहिली. तिच्या जुन्या बोलण्याची लांबी संपेपर्यंत आम्ही दोघी न बोलता बसून होतो, आणि आमच्या त्या बसण्यानं खालचा शब्द न् शब्द पुसला जात होता.

"ऐकवा," ती म्हणाली.

मी ऐकवलं. आपलाच आवाज पहिल्यांदा ऐकणारी माणसं हसतात, लाजतात. ती डोळे मिटून, कान देऊन ऐकत होती. संपल्यावर तिनं डोळे उघडले आणि माझं मनगट धरलं.

"आसंच म्हणले हुते न्हवं मी? त्या दिशी, त्या काट्याच्या खोलीत?"

तिची पकड मेंढरं धरणाऱ्या हाताची होती. तिला उत्तर हवं होतं, आणि ते देऊ शकणारं माणूस जगात मी एकटीच होते.

"हो, अक्का," मी म्हणाले. "असंच म्हणाला होतात."